चकचकीत पुंगळ्या

नेमबाजी क्लबातल्या रायफली दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला सगळे शंकासुर म्हणत. दाराला कुलूप लावलं की हा ते तीनदा ओढून बघणार, रस्त्याच्या टोकापर्यंत जाणार आणि परत येऊन चौथ्यांदा ओढणार. लग्न ठरताना यानं मुलीला ‘नक्की ना?’ असं चारचौघांत विचारलं होतं, ते बायको अजून पाहुण्यांना रंगवून सांगते. तरी रायफलीला नवा बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा दट्ट्या, बसवायचा तर तो याच्याच हातून, असा सगळ्यांचा हट्ट.

आणि नेमकं त्याच्या दाजींच्याच रायफलीत काडतूस फुटलं.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची रायफल सेमी-ऑटोमॅटिक. बार झाला की काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी आपसूक बाहेर फेकते आणि पुढचं काडतूस भरते. तिला नवा बोल्ट शंकासुरानंच नुकता बसवला होता. त्या सकाळी बार वाजला तो काही भलताच. तोंडावर गरम धुराचा सपकारा आला, चष्मा काळा झाला. पुंगळीचं बूड बाहेर पडलं आणि उरलेलं अंग नळीत अडकून बसलं. चष्म्यानं डोळे वाचले. गेली ती अर्धी भुवई, आणि तिचं दुःख दाजींपेक्षा ताईलाच जास्त.

ताईनं रायफल भावाच्या टेबलावर आणून ठेवली.

“सगळ्या जगावर शंका घेतोस. माझ्या नवऱ्याच्या वेळीच कुठे गेल्या होत्या रे शंका?”

त्या दिवसापासून तिनं भावाशी अबोला धरला. तसलेच बोल्ट त्यानं क्लबातल्या आणखी बऱ्याच जणांना बसवले होते. बायकोला म्हणाला, खोट माझ्या कामात निघाली तर हत्यारं कायमची खाली ठेवीन. बायको म्हणाली, मग दिवसभर माझ्यावरच शंका घेत बसशील, त्यापेक्षा आधी बघ तरी.

बोल्ट न मिटताच बार झाला असता, तर पुंगळी बुडाशी फुगून वेडीवाकडी फाटली असती. ही तर डब्याचं झाकण निघावं तशी गोल चिरली होती. म्हणजे ती लांबीला ताणली गेली होती. आता बोल्टापुढे जागा वाजवीपेक्षा जास्त उरली असेल तर गुन्हेगार आपणच. त्यानं अडकलेला तुकडा काढला, नळी पुसली, मापाचा गेज आत ठेवला. या गेजवर बोल्ट मिटला तर काम चुकलं. बोल्ट मिटला नाही. पुन्हा पुसून पाहिलं, तरी नाही. मग स्वारीला गेजचीच शंका आली. दुसऱ्या क्लबातला गेज मागून आणला. त्यानंही तेच सांगितलं.

तेव्हा कुठे त्यानं दाजींचा काडतुसांचा आणि रिकाम्या पुंगळ्यांचा डबा मागवला.

दाजी पुंगळ्या विकत घेत नसत. क्लबाची रीत अशी, की ज्याच्या चटईवर पुंगळी पडेल ती त्याची. क्लबातल्या एका सुभेदारांची रायफल पुंगळ्या उजवीकडे फेकायची, म्हणून दाजींची चटई कायम त्यांच्या उजव्या हाताला. लोकांना वाटे, काय जिव्हाळा आहे! त्या पुंगळ्या घरी नेऊन दाजी त्यांत पुन्हा पुन्हा दारू-गोळी भरत.

शंकासुरानं तारेचं टोक वाकवलं आणि एका रिकाम्या पुंगळीत घालून आतून ओढलं. बुडाच्या जरा वर तार अडखळली. दुसरीतही अडखळली. तिसरी करवतीनं उभी कापली, तर तिथलं पितळ कागदाएवढं पातळ.

“दाजी, एक पुंगळी कितीदा भरता?”

दाजींनी छताकडे पाहिलं. “फुटेपर्यंत.”

दर बाराला पुंगळी ताणते, भरताना ती पुन्हा दाबली जाते, आणि तिथलं पितळ झिजत जातं, असं त्यानं सांगितलं. पण फुटण्याआधी बाहेरून एक उजळ रेघ उमटते, ती दिसली कशी नाही?

ताई हळूच म्हणाली, “ती होय? मला वाटायचं डाग आहे. मी घासून घासून काढत होते.”

शंकासुरानं रायफल चौकटीत घट्ट बांधली, कारखान्याची कोरी काडतुसं भरली, सगळ्यांना भिंतीआड घेतलं आणि दोरीनं चाप ओढला. पुंगळी अखंड बाहेर पडली. पुढचीही. मॅगझिन रिकामं झालं तसा तो खालीच बसला आणि इतका मोठा श्वास सोडला, की दाजींना हसू फुटलं.

“म्हणजे चूक माझी,” ताई म्हणाली.

“छे गं. दाजींची.”

“माझीच, माझीच,” दाजी उरलेली भुवई चोळत म्हणाले. बहीणभाऊ पुन्हा बोलू लागले होते. त्या बदल्यात एवढा आळ त्यांना स्वस्तच वाटला.