सारखीच दोन पानं

ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. ती त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणते हे त्यांना कळलं असतं, तर फिट्टंफाट झाली असती.

कंपनी मानेच्या उशा विकायची. दुकान वगैरे काही नाही, सगळा व्यवहार वेबसाइटवर. कुणी फोनवरच्या जाहिरातीवर बोट ठेवलं की एक पान उघडायचं. वर उशीवर डोकं टेकून हसणाऱ्या बाईचा फोटो, खाली चार ओळी आणि त्याखाली ‘आत्ताच मागवा’ असं बटण. या पानाला तिथे लँडिंग पेज म्हणत. मोजणीबाईचं काम असं, की त्या पानाची दोन रूपं लावायची, येणाऱ्यांपैकी अर्ध्यांना एक दाखवायचं, अर्ध्यांना दुसरं, आणि कुठल्या पानावरून जास्त उशा जातात ते बघायचं. याचं नाव स्प्लिट टेस्ट. कामात अवघड काही नाही, फक्त मोजणाऱ्याला थांबता यायला हवं.

तिला ते येत होतं. त्याआधी अकरा वर्षं तिनं बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत काढली होती. ओल्या कागदावर दाणे लावायचे, वर झाकण ठेवायचं आणि ठरल्या दिवशी किती उगवले ते मोजायचं. मधेच झाकण उचलून डोकावणाऱ्याला तिथल्या थोरल्या बाई सरळ खोलीबाहेर काढत. ती प्रयोगशाळा बंद पडली आणि बेचाळिसाव्या वर्षी ती या उशीवाल्यांकडे आली. इथे तर झाकण कुणी लावतच नव्हतं.

कंपनीचे साहेब दर तासाला आकडे बघत. त्यांना सगळं आतून कळायचं. हिरवं बटण आणि नारिंगी बटण यांची टेस्ट मंगळवारी सुरू झाली की गुरुवारी साहेब विचारत, “काय म्हणतंय नारिंगी?” नारिंगी त्या घटकेला चार उशांनी पुढे असलं की झालं, टेस्ट बंद. सोमवारच्या मीटिंगमध्ये टाळ्या. नारिंगीमुळे माणसाच्या मनात ऊब कशी निर्माण होते, यावर साहेब पाच मिनिटं बोलत. नारिंगी मागे असलं, तर टेस्ट आणखी दोन दिवस चालू ठेवत, ते पुढे येईपर्यंत.

“निदान दोन आठवडे तरी चालू द्या,” ती पहिल्या वर्षी सांगत असे. “दिवस आधी ठरवायचे आणि मधे बघायचं नाही.”

“बाई, हे बियाणं नाही,” साहेब म्हणत. “इथे वेग लागतो.”

पाच वर्षांत अशा एकेचाळीस टेस्ट जिंकल्या गेल्या. प्रत्येकीनं विक्री दहा टक्क्यांनी वाढवली, पंधरा टक्क्यांनी वाढवली. एकदा जेवणाच्या सुट्टीत मोजणीबाईनं ती सगळी वाढ एकावर एक रचून पाहिली. ते सगळं खरं असतं, तर कंपनीची विक्री पन्नास पट झाली असती आणि एव्हाना गाई-म्हशीही मानेखाली उशी घेऊन बसल्या असत्या. खाली गोदामात माणूस मात्र पाच वर्षांपूर्वी बांधायचा तेवढेच खोके रोज बांधत होता. याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. गोदाम तळमजल्यावर होतं आणि टाळ्या तिसऱ्या मजल्यावर वाजत.

तिला सगळ्यात जास्त चीड यायची ती रंगाऱ्याची. पानांची सजावट करणारा तो, चाळिशीतला, गळ्यात कायम मोठे हेडफोन अडकवलेला. साहेब बोलू लागले की हा मान डोलवायला सुरुवात करी, वाक्य संपायची वाटही बघत नसे. त्याच्या शेजारी मजकूर लिहिणारी बसायची. ती रंगाऱ्याची री ओढायची. दोघं मिळून कुठल्याही निकालाला तासाभरात कारण शिवून देत. नारिंगी जिंकलं तर ऊब, हिरवं जिंकलं तर विश्वास. मोजणीबाईला वाटे, यांना उद्या सांगितलं की उशीवर दगडाचा फोटो जिंकला, तर हे दगडातलाही आपलेपणा शोधून काढतील.

मग एका बुधवारी तिनं एक टेस्ट लावली. दोन पानं, ‘क’ आणि ‘ख’. दोन्ही अगदी एकसारखी. तोच फोटो, तोच मजकूर, तेच बटण. मुदत चौदा दिवस. ही काही तिची चोरीछुपी खोडी नव्हती. मोजायचं यंत्र नीट चालतंय का, हे बघायला अशी टेस्ट अधूनमधून लावावीच लागते. तिनं नेहमीचा फॉर्म भरला. ‘दोन पानांतला फरक’ या रकान्यात स्वच्छ लिहिलं, ‘काही नाही.’ फॉर्म सगळ्यांना पाठवला. कुणीही उघडला नाही.

सोमवार आला. काचेच्या खोलीत भिंतीवरच्या पडद्यावर साहेबांनी आकडे लावले. क पानावरून पन्नास उशा, ख पानावरून एकोणसाठ.

“अठरा टक्के,” साहेब म्हणाले. “मला शनिवारीच जाणवलं होतं. ख मध्ये काय केलंय?”

त्यांनी रंगाऱ्याकडे पाहिलं. रंगाऱ्यानं ख मध्ये काहीच केलेलं नव्हतं. त्यानं ते पान पाहिलंही नव्हतं. मोजणीबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आता हा म्हणेल, मला माहीत नाही. एवढंच तर म्हणायचं होतं.

“जरा हवा सोडली आहे,” रंगारी म्हणाला. “बाजूंनी. डोळ्याला मोकळं वाटतं.”

साहेबांनी दोन्ही पानं पडद्यावर शेजारी शेजारी लावायला लावली. खोलीतल्या सगळ्यांनी माना तिरक्या करून पाहिलं.

“हो, मोकळं वाटतंय खरं,” साहेब म्हणाले.

“आणि फोटोतली बाई,” मजकूरवाली म्हणाली, “डावीकडची ओढूनताणून हसतेय. उजवीकडची मनापासून.”

मोजणीबाईच्या पोटात हसू उकळत होतं. तिनं पेनाचं टोपण दातात धरलं. पण बघता बघता ते हसू विरलं. यातलं कुणीच खोटं बोलत नव्हतं, निदान मजकूरवाली तरी नाही. तिला खरंच दोन वेगळ्या बायका दिसत होत्या. साहेबांना खरंच मोकळं वाटत होतं. खोटारड्यांचा राग करता येतो, पण यांचं काय करायचं?

“आजपासून सगळ्यांना ख दाखवा,” साहेब म्हणाले.

हुकूम मोडायचा प्रश्नच नव्हता. सगळ्यांना ख दिसतच होतं. तिनं टेस्ट तशीच चालू ठेवली.

संध्याकाळी घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो मोज्यातून पाय सोडवत ऐकत होता, आणि सासूबाई समोर भाजी निवडत होत्या.

“आमच्या निम्म्या लिफ्टमध्ये दार बंद करायच्या बटणाला वायरच नसते,” तो म्हणाला. “लोक दाबतात. दार आपल्या वेळेवर मिटतं. लोक खूश. एकानं मला सांगितलं होतं, जोरात दाबलं की लवकर मिटतं म्हणून.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, हो.”

“अहो, हो काय म्हणालात?”

“मला पाचव्या मजल्यावर जायचं होतं.”

सासूबाईंनी शेंगेचा देठ मोडला. “तू त्यांना तिथल्या तिथे का नाही सांगितलंस?” त्यांनी सुनेला विचारलं.

“अजून चौदा दिवस पुरे व्हायचेत, आई.”

“ते तुझ्या मोजणीचं झालं. सांगायला कशाला दिवस लागतात?”

तिनं विषय बदलला.

पुढच्या सोमवारपर्यंत रंगाऱ्याला सजावट विभागाचा प्रमुख करण्यात आलं होतं. साहेबांनी व्यापाऱ्यांच्या एका मोठ्या सभेत बोलायचं कबूल केलं होतं, विषय ‘मोकळ्या जागेची ताकद’. बुधवारी चौदा दिवस पुरे झाले. क पानावरून एकशे एक्कावन्न उशा, ख पानावरून एकशे अठ्ठेचाळीस. त्यानंतरच्या सोमवारी मोजणीबाई मीटिंगमध्ये उभी राहिली, दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले आणि म्हणाली, “ही दोन्ही पानं एकच आहेत. पहिल्या दिवसापासून. मी फॉर्मवर लिहिलं होतं.”

रंगारी आपली नखं तपासू लागला. मजकूरवालीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. साहेबांनी मात्र सावकाश मान हलवली.

“म्हणजे क सुद्धा ख इतकंच चांगलं आहे,” ते म्हणाले.

“म्हणजे तुमच्या एकेचाळीस टेस्टपैकी किती अशा होत्या, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.”

मीटिंग तिथेच आटोपली. साहेबांनी तिला थांबवून घेतलं. दार लोटलं. आवाज चढवला नाही.

“तुम्हाला मजा आली का, बाई?” त्यांनी विचारलं.

मजा आली होती. दोन आठवडे ती रोज सकाळी चार जिने एका दमात चढून जाता यावेत इतकी हलकी होऊन ऑफिसात येत होती.

“आणि तुमची ती परतीची ओळ?” साहेब म्हणाले. “ती पण अशीच का?”

परतीची ओळ हा तिचा एकुलता एक मोठा निकाल. नोकरीच्या पहिल्या वर्षी ‘आवडली नाही तर तीस दिवसांत परत करा’ ही तळाशी दडलेली ओळ तिनं वर आणून बटणाशेजारी ठेवली होती, आणि विक्री बारा टक्क्यांनी वाढली होती. त्यावर तिची नोकरी पक्की झाली. नवीन माणूस आला की ती त्याला तीच टेस्ट उदाहरण म्हणून दाखवी.

“ती मी पुरे चौदा दिवस चालवली होती,” ती म्हणाली, आणि ताठ मानेनं बाहेर आली.

जागेवर बसून तिनं जुनी नोंद उघडली. साहेबांच्या तोंडावर मारायलाच उघडली. तिच्याच शब्दांत तिथे लिहिलेलं होतं, मुदत चौदा दिवस, प्रत्यक्षात चाललेले दिवस नऊ. तिनं दोनदा वाचलं. मग आठवलं. नवव्या दिवशी साहेब खुर्चीमागे उभे राहून म्हणाले होते, “झालं ना?” आणि आकडा इतका छान दिसत होता, की ती म्हणाली होती, “झालं.” पाच वर्षांत त्या नवाचे चौदा कधी झाले, तिला कळलंही नव्हतं.

तिनं ती टेस्ट नव्यानं लावली. या वेळी चौदा दिवस आकड्यांकडे फिरकलीसुद्धा नाही. पंधराव्या दिवशी पाहिलं. ओळ वर असो की खाली, उशा तेवढ्याच जात होत्या. रंगाऱ्याला हवा दिसली होती, आणि हिला? हिला तर थोरल्या बाईंच्या हाताखाली अकरा वर्षं काढूनही बारा टक्के दिसले होते. रंगाऱ्याला निदान तसं शिकवलेलं तरी नव्हतं.

सोमवारी तिनं हेही उभं राहून सांगितलं. ऐकायला फारसं कुणी उत्सुक नव्हतं. मजकूरवालीनं तेवढं तिच्याकडे पाहून हलकेच मान हलवली.

साहेबांचं भाषण जोरात झालं म्हणे. मोकळ्या जागेवर लोकांनी प्रश्नही विचारले. परत आल्यावर त्यांनी मोजणीबाईला तक्रारींच्या खोलीत बसवलं. शिक्षा असा शब्द कुणी वापरला नाही. ‘ग्राहकांच्या जवळ’ असं म्हणाले. खोली तळमजल्यावर, गोदामाला लागून. खिडकी नव्हती, आणि फोमचा उग्र वास यायचा.

तिथे तिनं पत्रं वाचायला घेतली. उशा परत करणाऱ्यांनी लिहिलेली दोन वर्षांची पत्रं. पहिल्या दिवशी साठ वाचली, दुसऱ्या दिवशी नव्वद. लोक निरनिराळ्या शब्दांत एकच सांगत होते. एका गवंड्यानं लिहिलं होतं, ‘रात्रभर कुणीतरी हनुवटी छातीला लावून धरल्यासारखं वाटतं.’ एका बाईनं लिहिलं होतं, ‘माझ्या नवऱ्यानं ही उशी पाटासारखी बसायला घेतली आहे.’ उशी उंच होती, बस्स. चांगली चार बोटं जास्त. तिसऱ्या मजल्यावर पाच वर्षं एकेचाळीस लढाया जिंकणाऱ्या मंडळींपैकी एकही त्या उशीवर कधी झोपला नव्हता. ती स्वतःही नाही.

तिनं पत्रांचा गठ्ठा उचलला आणि मागच्या कारखान्यात गेली. तिथला मुकादम, जाड चष्म्याचा, फोम कापायच्या पात्याजवळ उभा होता. त्यानं उभ्या उभ्या सात-आठ पत्रं वाचली.

“हे मला कुणी बोललं कसं नाही?” त्यानं विचारलं.

“आम्ही बटणाचा रंग ठरवत होतो,” ती म्हणाली.

मुकादम हसला नाही. “माप वरून आलंय. लेखी बदलून आणा, उद्यापासून खाली कापतो.”

ते लेखी आणायला तिला सात आठवडे लागले. साहेबांना ‘उंची’ हा शब्दच पटत नव्हता. उंची म्हणजे दर्जा, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तिनं अर्जावर ‘नवी सडपातळ उशी’ असं लिहिलं आणि त्याच दिवशी सही झाली.

चार महिन्यांत परत येणाऱ्या उशा निम्म्यावर आल्या. सोमवारच्या मीटिंगमध्ये याचं श्रेय मोकळ्या जागेला मिळालं, ही बातमी मजकूरवालीनं खाली येऊन दिली. तिनं ती हसत दिली, आणि जाता जाता ओझरतं विचारलं, “मला एक उशी मिळेल का हो, नवीन? झोपून बघते.”

साहेबांनी नंतर दोनदा वर बोलावलं. रंगाऱ्याला टेस्ट लावता येत नव्हत्या, आणि टाळ्या कमी पडू लागल्या होत्या. मोजणीबाईनं दोन्ही वेळा नाही सांगितलं. तक्रारींची खोली तिनं रंग लावून घेतली, दाराशी एक पंखा बसवून घेतला. पत्रं ती रोज वाचते, आणि ज्यांची पत्रं मूर्खासारखी असतात त्यांना मनातल्या मनात शिव्या देते. पण उत्तर सगळ्यांना पाठवते.

एक नवी उशी तिनं घरीही नेली. नवऱ्यानं तीन रात्री वापरून पाहिली आणि जुनीच बरी म्हणाला. सासूबाईंनी ती पायाखाली घेतली.