तांदळातलं नाव

ये गं, अशी जवळ बस. याच शहरातल्या महादेवपुऱ्याहून इथवर यायला तुला चार महिने लागले, आणि आल्या आल्या विचारतेस, मावशी, तुला काय कळतं कॉम्प्युटरमधलं? शहाणीच आहेस. तू जन्मायच्या आधी मी काळ्या स्क्रीनवर कमांडी टाइप करत होते, ते ऐक आधी.

नव्वदीतली गोष्ट. शिक्षण माझं मॅट्रिक आणि टायपिंग, एवढंच. चिकपेटेजवळच्या एका स्कॅन सेंटरात मला पेशंटची नावं टाइप करायला ठेवलं. तिथले टेक्निशियन कन्नड. मी त्यांना अण्णा म्हणे, ते मला अक्का. त्यांनीच समजावलं, की स्कॅनच्या प्रत्येक चित्राच्या फायलीला वर एक हेडर असतं, लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी असते ना, तसं. त्यात नाव, वय, नंबर, तारीख. चित्राला धक्का न लावता नुसती चिठ्ठी बदलायची कमांड त्यांनी मला शिकवली. माउस नाही, काही नाही, सगळं अक्षर न् अक्षर टाइप करायचं. मी वहीत उतरवून घेई आणि घरी कणीक मळताना घोकत बसे.

एकदा आपल्यातलीच, इथल्या जुन्या मराठी घरातली सून आली, सासूबरोबर. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. डोकं दुखायचं, आणि स्कॅनमध्ये मेंदूत एक डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, डाग नवा असेल तर ऑपरेशन करावं लागेल. जुना असेल आणि वाढला नसेल, तर नुसतं लक्ष ठेवू. मुलगी म्हणाली, लग्नाआधी स्कूटरवरून पडले होते तेव्हा इथंच स्कॅन झाला होता. आम्ही शोधलं, तर तिच्या नावावर काही नाही. माहेरचं आडनाव घालून पाहिलं, तरी नाही. सासू म्हणाली, दुसरीकडे झाला असेल, हिला आठवत नसेल. मुलीचा चेहरा एवढासा झाला.

तेव्हा मला जे सुचलं ते अण्णांना सुचणं शक्यच नव्हतं. मी विचारलं, "तांदळात नाव बदललं का गं तुझं?"

तिनं मान डोलावली, सासूसमोर जुनं नाव सांगायला बिचकत होती. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात ना, तसं. माझंही तसंच बदललेलं. पाळण्यातल्या नावानं शोधलं, आणि जुन्या टेपवर स्कॅन सापडला.

पण दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून मोजायचे, तर नाव आणि नंबर एकच लागायचे. मी घाईघाईनं कमांड मारली आणि नावाबरोबर तारीखही आजची करून बसले. म्हणजे जुना डाग आजचा झाला, आणि तारखेवरच तर सगळं होतं. मी अण्णांना हाक मारली.

अण्णा म्हणाले, "स्वल्प, जरा थांबा, अक्का. मूळ फाइल आहे तशीच आहे. मी आधी कॉपी काढली होती."

हा त्यांचा नियमच होता. मी विसरले, ते विसरले नव्हते. नवी कॉपी काढून मी पुन्हा टाइप करायला बसले, ते शेजारी उभे. हेडरमध्ये जन्मनावासाठी वेगळी जागा होती, आम्ही ती कायम रिकामी सोडत असू. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "तिचं जुनं नाव घालवू नका, इथं लिहा."

डाग तेवढाच निघाला. ऑपरेशन टळलं. ती मुलगी मात्र डागाकडे बघतच नव्हती, एकाखाली एक आपली दोन्ही नावं वाचत होती. माझंही पाळण्यातलं नाव कुणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं गं. त्या माणसाचे उपकार मी आजही मानते.

आता तुझं लग्न ठरलंय. नाव बदल नाहीतर ठेव, मी कोण सांगणार? पण लग्नाआधी तुझे सगळे दवाखान्याचे कागद घेऊन इथं ये, दोन्ही नावं घालून नीट लावून देते. या रविवारीच ये. आणखी चार महिने लावू नकोस.