मंगळवारचं तेल

लताबाई आहेरांच्या घरात बोलणं असं फारसं होत नसे. सातपूरच्या कॉलनीत दोन खोल्या, नवऱ्याने कारखान्यात ओव्हरटाइम करकरून बांधलेल्या. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला. त्याचा फोन येतो, पण तो गाडीत बसल्यावर करतो आणि ऑफिस आलं की ठेवतो. सकाळी देवीपुढे दिवा लावताना लताबाई आरती मोठ्याने म्हणत, दिवसभरात तेवढाच त्यांचा स्वतःचा आवाज त्यांच्या कानावर पडे.

त्यात गुडघे गेले. उजवा तर असा धरायचा की मोरीतून उठताना नळाला हात घालावा लागे. सरकारी दवाखान्याकडून कॉलनीत येणाऱ्या आशाताईंनी सांगितलं, शहरातल्या एका आयुर्वेद कॉलेजात गुडघ्यावर संशोधन चाललंय, मावशी, जाऊन बघा, फुकट आहे.

संशोधन करणारी डॉक्टर योगिनी पोरसवदाच होती. तिने पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं, "मावशी, या तेलाने आराम पडतो असं सगळेच म्हणतात. पण खरंच पडतो का, किती पडतो, ते मला मोजायचंय. तेव्हा तुम्ही फक्त खरं सांगायचं. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे जीव नकोसा होतो. आज किती?"

"आठ धरा," लताबाई म्हणाल्या.

दर मंगळवारी बोलावलं. मंगळवार देवीचा, लताबाईंना तो शुभच वाटला. खाटेवर पाय लांब करून निजायचं. गुडघ्याभोवती उडदाच्या भिजवलेल्या पिठाचं कडं बसवायचं आणि त्यात कोमट तेल ओतायचं. तेल निवलं की कापसाने टिपून घ्यायचं, पुन्हा गरम करायचं, पुन्हा ओतायचं. कडं सरकू नये म्हणून योगिनी एक हात गुडघ्याला लावून शेजारीच बसे. आणि बसल्या बसल्या विचारी, "आज काय भाजी केली मावशी?"

एवढं कुणी विचारलेलं नव्हतं कित्येक दिवसांत. पुढे पुढे लताबाई सोमवारी बाजारात भाजी घेतानाच मनात योजू लागल्या की उद्या हे सांगू. एकटीसाठी कोण शेवग्याच्या शेंगा निवडत बसतं? पण त्या निवडत.

मग शेवटी आकड्याचा प्रश्न यायचा. आता लताबाई कळवणकडच्या. तिथे लहानपणापासून एकच शिकवण, कुणी वाढलं की छान झालंय म्हणायचं. मीठ विसरलं असलं तरी. करणाऱ्या बाईचे हात बघायचे, चव नाही. आणि ही पोर तर कोपरापर्यंत तेलात बरबटलेली, त्यांच्या पायाशी वाकलेली. तिला तोंडावर आठ कसं सांगायचं? दुसऱ्या खेपेला त्या सात म्हणाल्या. तिचा चेहरा फुलला. मग सहा. पंगतीत आग्रह झाला की नको असताना आणखी एक घास घ्यावा, तसा त्या दर मंगळवारी एक आकडा उतरवत गेल्या. गुडघा मात्र मोरीत रोज नळ धरायला लावत होताच.

एका मंगळवारी योगिनी तेल ओतता ओतता म्हणाली, "मावशी, तुम्ही दोनवर आलात! माझ्या सगळ्या पेशंटमध्ये तुमचा नंबर पहिला."

"देवीची कृपा," लताबाई म्हणाल्या.

"पुढच्या महिन्यात दुसरा टप्पा सुरू होतोय. पण तो ज्यांचं दुखणं उरलंय त्यांच्यासाठी. तुमची आता सुटका. इतक्या लांबून यायला नको." ती आनंदातच होती. "आणि आम्ही कळवणला शिबिर घेतोय. तिथे तुमचंच उदाहरण देणार. तुमच्याकडच्या बाया ऐकतील ना?"

लताबाई छताकडे बघत पडून राहिल्या. ऐकतील. लताने सांगितलं म्हटलं की त्यांची वहिनी चंद्रभागा तर कांद्याच्या रोपात वाकून वाकून मोडलेले गुडघे घेऊन एसटीने शिबिराला जाईल, मजुरी बुडवून. आणि इकडे आपला मंगळवार संपला. दोन्ही गोष्टी एकदमच छातीवर येऊन बसल्या. त्यातल्या कोणत्या भाराने तोंड उघडलं, हे त्यांना नंतरही सांगता आलं नसतं.

"ताई, दोन नाही."

"मग? एक?"

"आठ. पहिल्यापासून आठच आहे."

योगिनी हसली. "चेष्टा नका करू हो मावशी, झटका येईल मला." मग तिने लताबाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. "मग दर वेळी कमी कमी का सांगत होता?"

"तुम्ही एवढं हाताने करता. काही उपयोग नाही असं तोंडावर कसं म्हणायचं?"

"मी तुमची नवी सून आहे का? आमटी चाखायला दिली होती का मी?"

लताबाई म्हणाल्या, "पण एक सांगू? मंगळवारी दुखत नाही."

"तेल लावल्यावर."

"नाही. सकाळपासूनच. कुलूप लावून घरातून निघाले की."

योगिनीचा कापूस धरलेला हात तसाच थांबला. "मग ते तेलाने नाही, मावशी."

"ते मला नाही कळत. ते तुम्ही बघायचं."

तिने बाकीचं तेल नीट टिपलं, कडं सोडवलं, गुडघा गरम पाण्याच्या फडक्याने पुसला. कामात कुठे कसूर केली नाही. पण भाजीचं विचारलं नाही. शेवटी म्हणाली, "तुमचं सगळं मला संशोधनातून बाजूला काढावं लागेल. आता खरे आकडे घेऊनही उपयोग नाही."

"मग मी यायचं..."

"ओपीडीत या की. तिथे दुसरे डॉक्टर असतात."

"बरं," लताबाई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

बाहेरच्या बाकावर एक बाई आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. चांगुणा तिचं नाव. येवल्याहून आली होती, मागावर बसून बसून पाय आखडलेले. लताबाई टेकल्या तशी ती सरकून म्हणाली, "मावशी, गुण येतो का हो?"

"मला नाही आला. तुम्हाला येईलही. पण जे असेल तेच सांगा. तिला वाईट वाटेल म्हणून कमी करू नका."

"का? रागावत्यात का डॉक्टरीणबाई?"

"नाही हो. रागावली असती तर बरं वाटलं असतं."

चांगुणाला यातलं काही उमगलं नाही. तेवढ्यात आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. ती भिंतीला धरून उठली आणि हातातली पिशवी लताबाईंपुढे धरली. "एवढी बघाल का मावशी? डबा न् साडी आहे. तुम्हाला जायची घाई नाही ना? किती वेळ लागतो आत?"

"लागतो बराच," लताबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी घेऊन मांडीवर ठेवली आणि तिचे बंद हाताला गुंडाळले. "सावकाश होऊ द्या. मी आहे इथे."