अशी खोलीच नाही

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. मुलीला नाही, ठाण्याच्या भावाला नाही, पुण्याच्या बहिणीला तर नाहीच नाही. सत्तरी उलटलीय, आणि आजवर यातलं एक अक्षर तोंडातून बाहेर पडलेलं नाही. आत्ताही ते सरळ बाहेर येईल असं नाही. तुम्ही बसा जरा. मी आडवळणानं येणार, माझा स्वभावच तसा आहे, पण येईन.

आधी नोकरीचं सांगतो, कारण ती नोकरी नसती तर माझ्या शब्दावर कुणी एवढा विश्वास टाकला नसता. मी केंद्रप्रमुख होतो. म्हणजे दहा-बारा प्राथमिक शाळांवर देखरेख ठेवायची, तपासणीला जायचं आणि निघताना शाळेच्या शेरेबुकात शेरा लिहायचा. बरीच वर्षं इथे चौलच्या आसपास, मधली काही वर्षं म्हसळ्याला. माझा दरारा होता हो! मुख्याध्यापक चहा मागवायचे, आणि मी चहाला हात न लावता आधी मुतारी बघायला जायचो. मग पाण्याची टाकी. मग वर्गात शिरलो की थेट शेवटचा बाक. तपासणीच्या दिवशी पुढच्या रांगेत कोणती मुलं बसवतात ते काय मला माहीत नव्हतं? भिंतीवरच्या तक्त्यांचा डिंक अजून ओला असायचा, फिनेलचा भपकारा यायचा आणि पाठ करून घेतलेली चार पोरं हात वर करून तयार असायची. मला कुणी फसवू शकत नसे. ही फुशारकी नाही. पुढे मी 'मला कळलं नाही' असं म्हणायला लागलो तर तुम्ही मला तिथेच अडवावं, म्हणून सांगतोय.

आता आक्का. माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि ती सोळाची. आम्हा धाकट्या तिघांचं करता करता तिचं लग्न राहूनच गेलं. वडिलांच्या मागे सुपारीची वाडी तिनं एकटीनं सांभाळली, गड्यांवर खेकसायची, विहिरीवरचा पंप बिघडला तर पदर खोचून स्वतः उघडायची. माझं डी.एड. झालं ते तिच्या जिवावर. हे सगळं तुम्हाला सांगायचा मला अधिकार आहे का, कोण जाणे. पण ती कोण होती हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

ऐंशी उलटल्यावर तिचं विसरणं सुरू झालं. आधी नावं, मग वार, मग माणसं. संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभी राहायची आणि मलाच सांगायची, "नाना शाळेतून आला नाही रे अजून." मी समोर उभा! पुढे अंथरूण खराब व्हायला लागलं. बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, तिला वाकता येत नव्हतं, म्हणून ते सगळं मी करत होतो. चिडून करत होतो. एकदा आक्काचं लुगडं बदलताना मी तिचा दंड इतका जोरात धरला की ती गप्पच झाली. तो माझा गुन्हा नव्हे — म्हणजे तोही आहेच, पण मी सांगायला बसलोय तो वेगळा.

भावाबहिणीत फोनाफोनी झाली. तेव्हा किहीमच्या बाजूला एक वृद्धाश्रम नव्यानं निघाला होता. नाव सांगत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांचीही व्यवस्था करतात, असं ऐकलं होतं. पुण्याची बहीण म्हणाली, "नाना, तू बघून ये. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. तू बरं म्हणालास की आम्ही डोळे मिटून हो म्हणू." आणि मी गेलो. आधी फोन करून, दिवस ठरवून गेलो. जन्मभर शाळांना न कळवता जाणारा मी, इथे मात्र कळवून गेलो. का? विचारू नका, उत्तर तुम्हाला आलंय.

जागा छान होती. नारळी-पोफळी, शेणानं सारवलेलं अंगण, पांढऱ्या भिंती. व्यवस्थापक गृहस्थ मृदू बोलणारे, पन्नाशीतले. आपल्याकडे कसं असतं — आधी आडनाव, मग गाव, मग 'अमक्यांचे तुम्ही कोण?' पाच मिनिटांत ओळख निघाली. त्यांची आई नागावची, माझ्या मामीच्या माहेरची. झालं! तिथून पुढे मी तपासणीला आलेला माणूस उरलोच नाही, पाहुणा झालो. आणि पाहुणा कुणाच्या घरात मागपर्यंत जात नाही. स्थळ बघायला गेल्यासारखं आम्ही ओटीवर बसलो. पोहे आले, वर ओलं खोबरं. ओसरीवर चार म्हातारी माणसं इस्त्रीच्या कपड्यांत बसवली होती. त्यातल्या एका आजींनी न विचारताच सांगितलं की इथे जेवण फार चांगलं असतं. सांगून झाल्यावर त्यांनी व्यवस्थापकांकडे बघितलं.

मी ते बघणं ओळखलं. पुढची रांग होती ती.

मला साखरेचं दुखणं आहे, सारखं जावं लागतं. मी संडास कुठे म्हणून विचारलं आणि दाखवायला कुणी उठायच्या आत मीच मागे गेलो. मागच्या पडवीला लागून एक खोली होती. दाराला बाहेरून कडी. खिडकी अर्धी उघडी. आत पाच-सहा खाटा, आणि वास... तो फिनेलचा नव्हता. खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई होती, तिचा उजवा हात जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधलेला. मनगट सुजून निळं पडलेलं. स्टुलावर पाण्याचा पेला होता, तिचा हात पोचणार नाही इतका लांब. ती ओरडत नव्हती. मला बघून हळूच, लाजल्यासारखं म्हणाली, "पाणी."

मागून एक बाई बादली घेऊन आली. तिथली कामवाली, माझ्या मुलीच्या वयाची. "काका, तिकरं नका जाव," ती म्हणाली. "ती लघवीची नली ओढते, म्हनून बांधलाय हात. आमी दोगीच हाव, इतक्यांना कुठं पुरनार?" तिनं लपवलं नाही हो काही. दोघीच आहोत, असं तिनं मला तोंडावर सांगितलं. मी मान हलवली. पेला उचलून त्या बाईला द्यायला मला दार उघडावं लागलं असतं. कडी काढावी लागली असती. मी लघवी करून ओटीवर परत आलो आणि उरलेले पोहे संपवले.

निघताना व्यवस्थापकांनी अभिप्रायाची वही पुढे केली. "सर, तुम्ही शिक्षण खात्यातले. तुमचे चार शब्द असले तर आम्हाला मोलाचे." माझं अक्षर चांगलं आहे. मी पान भरून लिहिलं. इमारत प्रशस्त. स्वच्छता चांगली. आहार सकस. सेवकवर्ग प्रेमळ. शेवटी शेरा: समाधानकारक. खाली सही, आणि सहीखाली कंसात 'सेवानिवृत्त केंद्रप्रमुख'. घरी येऊन तेच सगळं भावाबहिणीला कळवलं. बहिणीनं हात जोडल्याची चित्रं पाठवली.

थकलो होतो म्हणून, बायकोची पाठ म्हणून, जवळपास दुसरं काही नव्हतं म्हणून — ही कारणं मी स्वतःला इतक्यांदा सांगितली आहेत की ती आता घासून गुळगुळीत झाली. मला आक्का घरातून जायला हवी होती. एवढंच होतं.

निघायच्या दिवशी तिचं डोकं ठिकाणावर होतं. असे दिवस यायचे मधूनमधून. गाडीत बसताना तिनं विचारलं, "तू बघितलंस ना सगळं?" मी म्हणालो, बघितलं. ती म्हणाली, "मग काय प्रश्न नाही."

पण हेही नव्हे. सांगायचं ते अजून पुढेच आहे.

रविवारी आम्ही भेटायला जायचो. आक्का बोलती होती, म्हणून तिला ओसरीवर आणून बसवत. पहिले काही रविवार ती इस्त्रीच्या लुगड्यात हसरी होती. मग हळूहळू बारीक व्हायला लागली. एका रविवारी बायको व्यवस्थापकांशी बोलत होती, तेव्हा आक्कानं मला जवळ ओढलं. डोळे अगदी स्वच्छ होते तिचे, मला फाटकाशी उभं राहून शोधणारे नव्हते. खालच्या आवाजात म्हणाली, "नाना, इथे मागे एक खोली आहे. बाहेरून कडी लावतात. रात्री मला तिथे ठेवतात. हात बांधतात रे." आणि तिनं पदराखालून मनगट पुढे केलं.

मी बघितलं ते मनगट. आणि म्हणालो, "आक्का, तुला भास होतात हल्ली. अशी खोलीच नाही इथे. मी सगळं फिरून बघितलंय."

हे ते. हेच सांगायचं होतं.

तिच्या डोक्याचं जे काही होत होतं, ज्याला ती मनातून घाबरायची, तेच मी तिच्यावर उलटवलं. खरं बोलत होती ती. अख्ख्या आठवड्यात कदाचित तेवढंच एक वाक्य तिनं नीट जुळवलं असेल, माझी वाट बघत जपून ठेवलं असेल.  तिनं मनगट पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "असेल हो. माझं हल्ली काही खरं नसतं." वर मलाच समजावलं, की तू जिवाला लावून घेऊ नकोस. गाडीत बायकोनं विचारलं, काय म्हणत होत्या? मी म्हणालो, नेहमीचंच.

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. त्यानंतर ती फारसं काहीच बोलली नाही. बोलणं थांबलं तसं ओसरीवर आणणंही थांबलं. 'झोपल्यात, उठवू नका' असं सांगायला लागले, आणि आम्ही उठवलं नाही. पावसाळ्याच्या शेवटी ताप भरला म्हणून अलिबागला दवाखान्यात हलवली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला कुशीवर वळवलं, पाठ बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. पाठीवर तळहात मावेल एवढी जखम होती, आतलं हाड दिसत होतं. तिसऱ्या दिवशी आक्का गेली. तेराव्याला आलेली माणसं म्हणत होती, नानानं बहिणीचं फार केलं. मी पानावर बसलो होतो. खाली मान घालून जेवलो.

आता इथे संपलं असतं तर मी कदाचित गप्पच राहिलो असतो. मेलेल्या माणसाशी केलेलं पाप पोटात ठेवून जगता येतं, मी जगून बघितलंय.

तीन-चार महिन्यांनी म्हसळ्याहून फोन आला. करणारा तिथे माझ्या हाताखाली शिक्षक होता, भला माणूस. आता तोही निवृत्तीला आलाय. त्याच्या आईला अर्धांग झालं होतं आणि तो ठिकाणं बघत हिंडत होता. त्याच वृद्धाश्रमात गेला तर व्यवस्थापकांनी त्याला ती वही दाखवली. "सर, मी तुमचं अक्षर लगेच ओळखलं," तो आनंदानं म्हणाला. "आता विचारायलाच नको, पण तरी म्हटलं एकदा तुमच्याशी बोलावं. ठेवू ना आईला तिथे?"

 'नको' एवढा एकच शब्द बोलायचा होता. पण नको म्हटलं की तो विचारणार, का? मग तुम्ही लिहिलंत कसं? मग तुमच्या बहिणीला ठेवलंत कसं? मग हे ठाण्याला कळणार, पुण्याला कळणार, बायकोला कळणार. सगळं माझ्या डोक्यात एका दमात येऊन गेलं. मी म्हणालो, "चांगलं आहे. निर्धास्त ठेव."

त्यानं ठेवली.

काल संध्याकाळी त्याचा परत फोन आला होता. आईला भेटून आला होता. आई बरी आहे, पण बोलत नाही हल्ली, म्हणाला. हात जरा सुजलेला वाटला, पण तिथली माणसं म्हणाली की अर्धांगात होतं तसं. मलाही तसंच वाटतं ना सर?

मी हो म्हणालो. मग त्यानं माझ्या साखरेची चौकशी केली, आणि फोन ठेवला. सकाळपासून त्याचा नंबर समोर काढून बसलोय. आता दुपार कलली. फोन लावलेला नाही.