बिनकडीचं दार

"नाटक राहू दे बे, नाव कळलं का?"

तालमीला येणाऱ्या प्रत्येकाला ते हे विचारायचे, चहा घेऊन येणाऱ्यालासुद्धा. स्वतःचं उत्तर मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. समोरचा काहीही म्हणो, मान हलवून "बरं" म्हणायचे.

सोलापूरच्या स्टँडवर तुम्ही कधी उतरला असाल तर त्यांचा आवाज ऐकलाच असेल. चौकशीच्या खिडकीत माइकपुढे ते बसायचे, शेजारच्या खिडकीत मी पास द्यायचो. सांगोल्याची गाडी फलाटावर लागली, एवढंच सांगायचं असायचं. पण ते असं सांगायचे की ही गाडी चुकली तर जन्माचं नुकसान. बायका पिशव्या उचलून पळत सुटायच्या. "जरा साधं बोला की हो," असं साहेब म्हणाले की दोन दिवस साधं, मग पुन्हा तेच.

मोडनिंबची गाडी आली की मात्र ते आपोआप साधं बोलायचे. भराभर सांगून माइक बंद करायचे आणि खिडकीतून वाकून उतरणारी माणसं बघायचे. असतील कुणी पाहुणे तिकडे, असं मला वाटायचं.

ड्यूटी संपली की शाळेच्या हॉलमध्ये आमच्या हौशी मंडळाची तालीम. नाटक त्यांनीच लिहिलेलं, मुख्य कामही त्यांचंच. नाव 'बिनकडीचं दार'. दिवसभर दारापाशी बसून राहणारा एक म्हातारा आणि त्याच्या दाराला कडी नाही, एवढीच गोष्ट. आमच्यातल्या प्राध्यापकांनी दार म्हणजे समाजाचं मन असं सांगितलं. यंत्रमागावरचा एक गडी म्हणाला, स्वातंत्र्य. चहावाला म्हणाला, "चोराची सोय." तिघांनाही "बरं" मिळालं.

एकदा त्यांच्या घरी गेलो. ते अजून यायचे होते. दार नुसतं लोटलेलं. आत जाऊन बघतो तर दाराची कडी काढलेली, स्क्रूची भोकं तशीच. मी वहिनींना म्हणालो, "नाटक घरापर्यंत आलं की."

वहिनी हसल्या नाहीत. मग त्यांनीच सांगितलं. मुलीनं जातीबाहेर लग्न केलं आणि नवऱ्याला घेऊन पाया पडायला आली, तेव्हा ह्यांनी आतून कडी घातली. ती बराच वेळ दार वाजवत राहिली, मग मोडनिंबला सासरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी ह्यांनीच ती कडी उचकटून टाकली.

"पर जाऊन तिला आना म्हटलं तर पाय उचलत न्हाई," वहिनी म्हणाल्या. "फोनबी करत न्हाईत. दार उघडंच हाय की, म्हणतात."

मला त्यांचा रागच आला, खरं सांगतो. दार उघडं आहे हे मोडनिंबला कसं दिसणार?

नाट्यस्पर्धेच्या दिवशी आम्ही दार दुसऱ्या मंडळाकडून मागून आणलं. त्याला कडी होती, ती काढायची गडबडीत राहून गेली. शेवटच्या प्रवेशात शेजाऱ्याचं काम करणारा आत आला आणि घरच्या सवयीनं त्यानं कडी लावली. पुढचं वाक्य म्हाताऱ्याचं. "ह्या दाराला कडी न्हाई." ते बोलले आणि सगळं थिएटर हसलं.

मी विंगेतून बघत होतो. ते उठले, दारापाशी गेले आणि कडीकडे बघत राहिले. मग दोन्ही हातांनी हिसका दिला. प्लायवूडच ते, स्क्रूसकट कडी हातात आली.

"मीच लावली होती," ते म्हणाले. "पोरगी भाईर उभी होती."

हे वाक्य नाटकात नव्हतं. आवाजही स्टँडवरचा नव्हता. कडी सदऱ्याच्या खिशात घालून ते जागेवर येऊन बसले. आता कुणी हसत नव्हतं. पडदा पाडणारा गडी पडदा पाडायचं विसरला.

परीक्षकांनी प्रतीकाचं फार कौतुक केलं, नंबर दिला नाही. तो प्रवेश कुणीतरी मोबाइलवर घेतला होता. तो फिरत राहिला. ते मात्र मोडनिंबच्या गाडीला तसेच वाकून बघत राहिले.

उन्हाळ्यात ते गेले. झोपेतच.

दोनेक आठवड्यांनी भेटायला गेलो तर दार मुलीनं उघडलं. "काका, बाबांचं ते नाटक मी मोबाइलवर बघितलं होतं," ती म्हणाली. "लई वेळा बघितलं. निघावं वाटायचं. पन एक फोन तर करतील म्हणून थांबले."

"बापावर गेलीस," मी म्हणालो. ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मला काय करावं कळेना, मी पाणी प्यायलो.

नाटकातली ती कडी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच सापडली होती. मुलीनं ती माझ्यासमोर दारावर धरली आणि जुन्याच भोकांत स्क्रू पिळायला घेतले.

"राहू दे की गं तसंच," वहिनी म्हणाल्या. "दाराची कडी त्यांनीच काढलीय."

"मी यावं म्हणून काढली होती, आई. आले न्हवं मी?"

मी निघालो. पायरी उतरलो आणि मागून कडी लागल्याचा आवाज आला. त्या घराची कडी मी पहिल्यांदाच ऐकत होतो. नाव कळलं का, हे विचारायला तेवढे ते नव्हते.