फॅमिली रूममध्ये आई

माझ्या आईला कुणी गरीब स्वभावाची म्हटलं की मला अजूनही राग येतो. ती गप्प बसायची, हे खरं. पण गप्प बसणं वेगळं आणि गरीब असणं वेगळं. हा फरक मी नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात, वाशीच्या एका बिअर बारमध्ये, संध्याकाळी पाचच्या सुमाराला माझ्या डोळ्यांनी पाहिला.

तेव्हा मी साताऱ्याला नांदत होते, शाळेत शिकवत होते. सुट्टी लागली की आठ दिवस नेरूळला आईवडिलांकडे यायचे. आबा, म्हणजे माझे वडील, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर पोती वाहायचे. दिवसभर ओझी उचलून थकलेला माणूस संध्याकाळी दोन ग्लास बिअर पितो, यात मला काही वावगं वाटायचं नाही. पिऊन त्यांनी आईवर कधी हात उगारला नाही, शिव्या दिल्या नाहीत. सरळ चालत घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि म्हणायचे, "भूक न्हाय."

ही 'भूक न्हाय' सहा वर्षं चालली होती. आई रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी दोन भाकऱ्या थापायची आणि सकाळी त्याच शिळ्या भाकऱ्या चहात कुस्करून स्वतः खायची. मी वैतागून म्हणायचे, "थापतेस कशाला मग?" तिचं उत्तर ठरलेलं होतं. "आन एकांद्या दिशी भूक लागली तर?"

त्या सुट्टीत मात्र एका सकाळी तिने मला मोरीपाशी नेलं आणि हळू आवाजात विचारलं, "खरं सांग, माझ्या हाताची चव गेली का गं?"

गावाकडे लग्न असो, बारसं असो, भावकीतले लोक मसाला करायला माझ्या आईला बोलवायचे. त्या बाईने हा प्रश्न विचारावा! मी काही बोलायच्या आत तिने पदराची गाठ सोडून एक काडेपेटी काढली. आबांचा सदरा धुताना खिशात सापडलेली. वर एका बारचं नाव आणि पत्ता इंग्रजीत छापलेला होता. मी तो वाचून दाखवला.

"वाशीलाच हाय व्हय? मंग चल. ते तितं असं काय खात्यात की माझी भाकरी नको हुती, ते मला बगायचंय. जमलं तर शिकून घीन."

'शिकून घीन' ऐकलं आणि माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता. ती शिळ्या भाकऱ्या खायच्याच बेतात होती, त्या टोपलीत तशाच राहिल्या. तरी आई आईच. दुपारची कामं आवरल्याशिवाय ती काही निघाली नाही. मग नऊवारी नेसली, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं आणि आम्ही बस पकडली.

मार्केटातले लोक जिथे बसायचे ते अड्डे गेटाच्या आसपासच होते. हा बार तिथून चांगला दहा मिनिटं लांब निघाला, आमच्याकडचं कुणी फिरकणार नाही अशा बाजूला. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दारातच वेटरने अडवलं. उडुपीकडचा, पन्नाशीचा माणूस. "लेडीज अकेला नाय चालत, मॅडम. साहेब येनार हाय काय?"

"फॅमिली रूम लिहिलंय ना बाहेर?"

"फॅमिली मंजे जेन्ट्स पायजे ना संगती."

"ही माझी आई. हिने मला जन्म दिला. ही फॅमिली नाही, तर मग फॅमिली कशाला म्हणता तुम्ही?" माझा आवाज वर्गात चढतो तसा चढला. गल्ल्यावरच्या मॅनेजरने मान वर केली आणि हाताने खूण केली, बसव.

फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडची अर्धी भिंत आणि एक मळका पडदा. पडद्याच्या फटीतून हॉलमधला काउंटर दिसत होता. नुकतंच आलेलं बिअरचं मशीन तिथे दिमाखात बसवलं होतं, वर कागद चिकटवला होता, 'ताजी ड्राफ्ट बिअर'. वेटर नळ ओढून ग्लास भरत होता. आई बघतच राहिली. "नळाला दारू येती?" मग म्हणाली, "आमच्या नळाला पानी न्हाय वक्ताला."

काहीतरी मागवल्याशिवाय बसता येणार नव्हतं. मी एक ग्लास बिअर आणि आईला लिंबू सरबत सांगितलं. मला बिअर प्यायची होती असं नाही. पण दारात अडवल्यावर आता सरबत पिऊन उठणं मला मंजूर नव्हतं.

वेटर ग्लास घेऊन आला तेव्हा आईने विचारलं, "हितं एक जन येत्यात बगा. मार्केटात कामाला. उंच, कानात बाळी."

त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "मामा! चार नंबर टेबल. साडेपाचला येनार मंजे येनार. बहोत सीदा मानूस."

"खात्यात काय ते?"

"मेनूतला काय नाय. आमी स्टाफसाटी डाळ-खिचडी बनवतो ना, त्यातला एक ताट मीच देतो. पैसा नाय घेत. सहा साल झाला, वाइफ ऑफ झाली त्याची. घरी जाऊन कोन देनार बिचाऱ्याला?" मग त्याने आईकडे निरखून पाहिलं. "तुमी बहीन काय त्याची?"

मी ताडकन उठले. त्याच्यावर ओरडायचं की आबांना शोधत मार्केटात जायचं, मला काही कळत नव्हतं. आईने माझा हात धरून मला खाली बसवलं. ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. सोबत आणलेली काडेपेटी तिने दोनदा उलटीपालटी केली, माझ्यासमोरचा बिअरचा ग्लास स्वतःकडे ओढला आणि उभी राहिली.

"चल भाईर."

"घरी?"

"घरी कशाला? त्या चार नंबरवर. मेलेल्या बाईला कसली आलीया फॅमिली रूम?"

पडदा सारून ती हॉलमध्ये गेली. भरल्या हॉलमध्ये पंधरा-वीस पुरुष होते. तिच्या हातात बिअरचा ग्लास, कपाळाला कुंकू. तिने आबांची खुर्ची ओढली आणि ठाण मांडून बसली. मी शेजारी बसले. वेटर मागे धावत आला, "अम्मा, इदर नाय, इदर नाय," म्हणत.

"ती खिचडी आना एक ताट," आई म्हणाली. "माझ्या तेराव्याचं जेवान हाय. सगळी जेवली, मीच ऱ्हायलेय."

त्या माणसाला तेव्हा उमगलं. तो आत गेला आणि खरोखरच ताट घेऊन आला. त्याची मला दया आली. त्याने बिचाऱ्याने सहा वर्षं पुण्य समजूनच वाढलं होतं.

आई दुसरा घास घेत होती तेव्हा आबा आले. दारातच थबकले. मागे फिरतील असं मला वाटलं, पण एवढ्या लोकांसमोर फिरायचं तरी कसं? ते टेबलापाशी आले. सगळं उमगूनही वेटरने त्यांच्या तोंडून ऐकायला विचारलं, "मामा, ही कोन?"

आबा म्हणाले, "गावची हाय."

"गावची तर हायच," आई म्हणाली. "फुडं सांगा."



"बायको," ते फरशीकडे बघत पुटपुटले.

"कुनाची? मोट्यानं सांगा. त्या कोपऱ्यातल्या पावन्यास्नी आयकू गेलं न्हाय."

"माझी बायको हाय!" आबा ओरडलेच. कोपऱ्यातले पाहुणे आपापल्या ग्लासात बघू लागले.

आईने बिअरचा एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ग्लास खाली ठेवला. उठताना वेटरला म्हणाली, "बाबा, तुजं मन चांगलं हाय. यांस्नी दारू दे, तुजा धंदा हाय त्यो. पर जेवाय घालू नगंस. यांची बायको जिती हाय."

बायको मेली असं का सांगितलं, हे मी पुढे एकदा आबांना विचारलं. म्हणाले, पहिल्या दिवशी कुणीतरी सहज विचारलं, घरी वाट बघत नाही का कुणी, आणि तोंडातून निघून गेलं. मग सगळे मायेने वागायला लागले, ते बरं वाटलं. घरची माया सोडून उसनी माया गोड लागते, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं.

त्या दिवशी आबांनी बिअर मागवली नाही. आमच्या मागोमाग ते बसमध्ये चढले आणि नेरूळपर्यंत उभेच राहिले. घरी आल्यावर हातपाय धुतले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा पाटावर येऊन बसले. आई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. स्टो थंड होता.

"वाढतीस न्हवं?" आबांनी विचारलं.

"आज घरात सुतक हाय," आई म्हणाली. "चूल पेटायची न्हाय."

मी उठायला लागले तर तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी परत बसले.

आबांनी उठून स्वतः टोपलीवरचं फडकं काढलं. आत कालच्या दोन भाकऱ्या होत्या, वाळून कडक झालेल्या. तांब्यातलं पाणी शिंपडून, मिठाबरोबर, त्यांनी त्या दोन्ही खाल्ल्या. त्यांचा शेवटचा तुकडा संपेपर्यंत आईने त्यांच्यावरची नजर काढली नाही.