अर्धी गोळी

थोरल्या काकीचं बीपी काही केल्या उतरत नव्हतं आणि त्याचा राग मी तिच्यावरच काढत होते. मी आमच्या गावची आशा सेविका. लसीकरण, बाळंतिणी, डासांच्या अळ्या हे सगळं उरकलं की उरलेल्या दमात बायकांच्या दंडाला पट्टा बांधायचा आणि आकडा लिहून घ्यायचा. काकीचं घर खाडीच्या अंगाला, घाटी उतरून अगदी शेवटचं. तिथे पोचेपर्यंत माझे पाय बोलायला लागायचे आणि तोंड त्याहून जास्त.

त्या घरात दोघी जावा. पुरुष कामासाठी बाहेर, एक मुंबईला, एक गोव्याला. चतुर्थीला आणि शिमग्याला तेवढे दिसायचे. थोरली घर, गुरं आणि परसबाग बघायची, धाकटी काजूच्या कारखान्यात जायची. दोघींचं चुलीपासून सगळं एकत्र. एक बांगडा भाजला तर डोक्याकडचा अर्धा एकीला, शेपटीकडचा दुसरीला. गावात जावाजावांच्या भांडणांना तोटा नाही, त्यामुळे या दोघींचं मला फार कौतुक होतं.

आरोग्य केंद्रातून काकीला रोजची एक गोळी सुरू झाली होती. गोळीबरोबर चार गोष्टी समजावून सांगायच्या, हे माझं काम. ट्रेनिंगमध्ये त्यासाठी एक चित्र दिलं होतं. त्यात सफरचंद, पळायचे बूट आणि हसणारी एक बाई. आमच्याकडे सफरचंद आजारी माणसाला भेटायला जाताना नेतात. आणि पळायचं म्हणाल तर काकी पहाटेपासून पळतच असायची. ते चित्र मी पिशवीतच ठेवलं आणि सरळ मिठावर आले. दहा वाजता उकड्या तांदळाची पेज आणि तोंडी लावायला भाजलेला खारो बांगडो, हे तिच्या दिवसातलं एकच सुख होतं. मी नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं.

"काकी, खारो बांगडो बंद."

"बरा," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात आकडा तसाच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसाच.

"गोळी घेतंस मा?"

"घेतंय गो. ही बघ." तिने फळीवरची रिकामी पाकिटं काढून माझ्यापुढे ठेवली. एकही गोळी मागे उरलेली नव्हती.

"मगे मीठ खातंस."

"नाय गो बाय. पेज नुसतीच पितंय आता. तोंडाक चव नाय, पण पितंय."

माझा विश्वास बसला नाही. पाकीट रिकामं आणि बीपी चढलेलं, म्हणजे मिठाशिवाय दुसरं काय असणार? एकदा तर मी तिच्या स्वयंपाकघरातल्या बरण्या उघडून बघितल्या. आमसुलं, तिरफळं, कुळीथ. खारवलेलं काही सापडलं नाही. तेव्हा, शेजारी जाऊन खात असशील, असं मी तिला तोंडावर म्हटलं. ती नुसती हसली. डॉक्टरांनी गोळीची ताकद वाढवली, तेव्हा आकडा जेमतेम हलला. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून मी हात टेकले.

धाकटीचंही नाव माझ्या यादीत होतं. पण मी जायचे अकराला आणि तेव्हा ती कारखान्यात. तिच्या नावापुढे दर वेळी 'घरी नाही' लिहून मी मोकळी व्हायचे.

भातकापणीच्या दिवसांत काकी गेली. दोन दिवस तिची पाठ भरून येत होती, जबडा दुखत होता, चार पावलं चालली की दम लागत होता. तिने ते पित्तावर ढकललं आणि आमसुलाचं पाणी पीत राहिली. छातीत कळ नव्हती, म्हणून हृदयाचं कुणाच्या मनातच आलं नाही. बायकांना असंही होतं, हे मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. मी मात्र मीठ मीठ करत गावभर फिरले आणि ते सांगायचं राहूनच गेलं. रिक्षा येईपर्यंत काकी खळ्यातच संपली.

तेराव्यानंतर मी त्या घरी गेले. धाकटी एकटीच होती. तिने मला पाणी दिलं, समोर बसली आणि म्हणाली, "ताई, एक इचारू? वैनीची गोळी आता बंद झाली. मगे माजी अर्धी खंयसून मिळतली?"

"तुजी अर्धी?"

"माजा पण डोक्या दुखता मा. वैनीन म्हटल्यान, माका एकटीक कशाक व्हयी? रोज मोडून अर्धी माका दिल्यान, अर्धी आपण खाल्ल्यान."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. वर्षभर मी विचारलं, गोळी घेतंस मा? आख्खी घेतंस मा, असं एकदाही विचारलं नाही. आणि काकी खरं तेच सांगत होती. मी मात्र तिला खोटारडी ठरवलं आणि ती वर्षभर अळणी पेज पीत राहिली. याची मला लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

धाकटीच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा काकीच्या आकड्याच्याही वर गेला. दुसऱ्या दिवशी तिचं काम बुडवून मी तिला केंद्रात घेऊन गेले आणि तिच्या स्वतःच्या नावावर गोळी सुरू झाली. आता प्रत्येक घरात मी विचारते, आख्खी खातंस की वाटून? काही बायका हसतात. काही खाली बघतात. खाली बघितलं की मी तिथेच बसकण मारते आणि पाठ, जबडा, दम, सगळं पहिल्यापासून सांगते. घसा दुखतो, संध्याकाळी घरी कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

धाकटीकडे मी आता रविवारी जाते, तिच्या सुट्टीच्या दिवशी. परवा तिने माझ्यासमोर पाकिटातून गोळी काढली आणि बोलता बोलता मोडली. अर्धी तोंडात टाकली. उरलेली अर्धी तळहातावर घेऊन ती चुलीपुढच्या काकीच्या रिकाम्या पाटाकडे वळली आणि तिथेच थांबली.

"ती पण घे गो," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. मग तिने ती अर्धी तोंडात टाकली आणि ती गिळेपर्यंत मी उभी राहिले.